हिवाळ्यात घराची ऊब : वीज, गॅस आणि लाकूड कमी खर्चून घर उबदार कसे ठेवावे?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

विदर्भाचे नाव निघाले की लोकांना उन्हाळा आठवतो, आणि आपणही घर बांधताना किंवा जुन्या घराची डागडुजी करताना सगळा विचार उन्हाचाच करतो. डिसेंबर-जानेवारीतल्या हिवाची सोय त्यामुळे राहून जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या शिवारातल्या गावांना असा गारठा शहरापेक्षा अधिकच झोंबतो. उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले आणि आभाळ निरभ्र राहिले, की दुपारी अंगातला सदराही जड वाटतो आणि पहाटे मात्र वाकळीतून हात बाहेर काढवत नाही. दिवस आणि रात्र यांतली ही तफावत हेच आपल्या हिवाळ्याचे खरे लक्षण आहे, आणि बचतीचा मार्गही तिच्यातूनच निघतो.

आमच्या भागातली पांढऱ्या मातीची, धाब्याची घरे हळूहळू पडत चालली आणि त्यांच्या जागी विटांची, टिनाची आणि स्लॅबची घरे उभी राहिली. जुन्या घराची हातभर जाडीची भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री ते हळूहळू आत सोडत असे. नव्या भिंतींना ते तितके जमत नाही, म्हणून लोक विजेची शेगडी आणतात आणि महिन्याच्या शेवटी बिल पाहून कपाळाला हात लावतात. माझे मत असे आहे की खोली तापवण्याच्या मागे लागण्यापूर्वी ऊन, फटी आणि अंथरूण या तीन गोष्टींकडे पाहिले, तर आपल्याकडच्या थंडीत बहुतेक घरांना शेगडीची गरजच उरणार नाही.

उन्हापासून सुरुवात करतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला असतो. याचा सरळ अर्थ असा की दक्षिणेच्या दारासमोर छपरी किंवा झाड आड येत नसेल, तर सहा फुटांच्या दारातून ऊन जवळजवळ सहा फूट आत येते. हे फुकटचे ऊन आपण दार लोटून घेऊन किंवा जाड पडदा सोडून बाहेरच ठेवतो. सकाळी दहानंतर दक्षिणेची दारे-खिडक्या उघडाव्यात, उन्हाचा पट्टा जिथे पडतो तिथली सतरंजी काढून जमीन उघडी करावी, आणि दिवस कलू लागताच, म्हणजे साडेचारच्या सुमारास, सगळे घट्ट लावून घ्यावे. दिवेलागणीपर्यंत दारे उघडी ठेवण्याची आपली रीत चांगली असली, तरी हिवाळ्यात तेवढ्या दोन तासांत दिवसभराची कमाई निघून जाते.

फटींचे काम एका दुपारचे आहे. रात्री दिवा मालवून आणि दुसऱ्या कोणाला बाहेरून बॅटरी धरायला सांगून आतून पाहिले, की दाराच्या चौकटीतून, टिन आणि भिंत यांच्या जोडातून आणि खिडकीच्या झडपांतून उजेड कुठे येतो ते स्पष्ट दिसते. जिथून उजेड येतो तिथून वाराही येतो. उत्तरेकडच्या फटी आधी बुजवाव्यात. दाराच्या उंबऱ्याशी जुन्या लुगड्याची वळकटी करून, तिच्यात थोडी रेती भरून ठेवली तर ती सरकत नाही.

अंथरुणाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. सुतळीच्या किंवा निवारीच्या बाजेवर झोपणाऱ्या माणसाला थंडी खालून लागते. वरून दोन वाकळी घेतल्या तरी पाठ गारच राहते, कारण बाजेच्या विणीतून खालची थंड हवा सतत लागत असते आणि अंगाच्या भाराखाली पातळ गादीतला कापूस दबून त्यातली हवा निघून गेलेली असते. अशा वेळी वरची एक वाकळ काढून गादीखाली घालावी. तिच्याखाली रिकामी पोती पसरली तर अधिक चांगले. शिवाय कापूस ओल धरतो आणि ओला कापूस ऊब धरत नाही, म्हणून गाद्या आणि गोधड्या दुपारच्या उन्हात टाकून दिवस मावळण्याच्या आत घरात घ्याव्यात. गाठी झालेली गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेणे हा खर्च शेगडीच्या बिलापुढे फारच थोडा आहे.

आपापल्या भागातले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

तारतंत्री (कारंजा)

पूर्णाकाठ भाऊ, विजेचा हिशोब मी मांडतो, कारण घरांतल्या वायरिंगचेच काम मी करतो.

१००० वॉटची कॉइलची शेगडी एक तास चालली की १ युनिट जळते. रोज चार तास वापरली तर ३० दिवसांत १२० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा आणि त्यापुढे ३०० युनिटांपर्यंत दुसरा, चढ्या दराचा टप्पा आहे. ज्या घराचा नेहमीचा वापर ६०-७० युनिट आहे ते घर केवळ शेगडीमुळे दुसऱ्या टप्प्यात जाते, आणि तिथल्या प्रत्येक युनिटाला जास्त पैसे पडतात.

दुसरी बाब कमी दाबाची आहे. खेड्यात थंडीच्या रात्री ओलिताचे पंप सुरू असताना व्होल्टेज पुष्कळदा १८० पर्यंत उतरते. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे २३० व्होल्टला १००० वॉट देणारी शेगडी १८० व्होल्टला जेमतेम ६०० वॉट देते. बिल त्या प्रमाणात कमी येते हे खरे, परंतु ऊबही तितकीच कमी मिळते, आणि मग माणूस दुसरी शेगडी जोडतो. दिव्याच्या बारीक वायरीवरून काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर अशा दोन शेगड्या लावल्या की वायर तापते, प्लग काळा पडतो आणि रात्री सगळे झोपेत असताना आग लागण्याचा धोका निर्माण होतो. शेगडी लावायचीच असेल तर १५ किंवा १६ अँपिअरच्या स्वतंत्र प्लगवर, अर्थिंग तपासून, माणसे जागी असतानाच लावावी आणि पांघरुणापासून किमान तीन हात दूर ठेवावी.

त्यापेक्षा गरम पाण्याची रबरी पिशवी पाहा. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ही एका युनिटाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी झाली. ती पिशवी फडक्यात गुंडाळून झोपण्याच्या अर्धा तास आधी अंथरुणात पायांच्या जागी ठेवली, की शेगडीच्या चार युनिटांचे काम नगण्य खर्चात होते, कारण तिची सगळी ऊब वाकळीच्या आतच राहते. उकळते पाणी मात्र पिशवीत भरू नये, भरल्यावर आतली हवा दाबून काढावी, आणि बूच घट्ट बसले आहे का ते पिशवी उलटी धरून पाहावे.

वैनगंगेची लेक (तुमसर)

आमच्याकडे धानाचा पट्टा आहे, त्यामुळे तनस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, मुबलक असते. माझ्या माहेरी आणि सासरीही थंडीत जमिनीवर वीतभर जाडीचा तनसाचा थर पसरून, त्यावर चटई आणि चटईवर गोधडी घालून झोपण्याची पद्धत आहे. तनसाची काडी पोकळ असते आणि दोन काड्यांमध्येही हवा अडकून राहते, म्हणून जमिनीची थंडी वर येत नाही. फरशीच्या घरात तर याचा गुण लगेच जाणवतो, कारण सारवलेल्या जमिनीपेक्षा फरशी पायाला कितीतरी गार लागते. तनस कोरडे आणि यंदाचेच असावे, आठवड्याने उन्हात पसरून झटकावे, आणि त्याच्याजवळ चिमणी किंवा उदबत्ती मुळीच नेऊ नये. विंचू-किड्यांसाठीही ते झटकणे आवश्यक आहे.

दुसरे असे की जुन्या कवेलूच्या (मातीच्या कौलांच्या) घरांत माळा असायचा. माळ्यावर बियाणे, कुटार (पिकाचा भुसा), वाळवण आणि जुनी भांडी ठेवलेली असत. आपण त्याला साठवणीची जागा समजत होतो, परंतु कवेलूमधून उतरणारी थंडी तो माळाच अडवत होता. आता घरकुलावर सरळ टिन टाकतात आणि मधे काहीच नसते. आमच्या शेजारच्या घरी पहाटे टिनाच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकते आणि पांघरुणे ओली होतात. छत गळत नसताना हे पाणी येते कुठून, आणि त्यावर कमी खर्चात काय करता येईल, हे कोणी सांगेल का?

सालबर्डी

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर जाणकार देतीलच. मी एवढेच सुचवतो की आमच्याकडे रात्री घमेल्यात चुलीतले निखारे घेऊन खोलीच्या मध्यभागी ठेवतात. धूर निघून गेलेला असतो, पैसा लागत नाही आणि पहाटेपर्यंत खोली उबदार राहते. दार थोडे उघडे ठेवले म्हणजे झाले, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात.

आशा कार्यकर्ती (आर्वी परिसर)

सालबर्डी दादा, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते की झोपण्याच्या खोलीत निखाऱ्यांचे घमेले ठेवू नका. आजच बंद करा.

निखाऱ्यातून धूर दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. पुरेशी हवा न मिळालेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असला तरी शरीराला प्राणवायू मिळत नाही. जागा माणूस डोके जड झाले, मळमळले, हातापायांतले बळ गेले म्हणून बाहेर तरी पडू शकतो. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. दार थोडे उघडे ठेवण्याचा भरवसा धरू नये, कारण थंडी वाढली की रात्री कोणीतरी उठून ते लोटतेच. शेकायचे असेल तर अंगणात किंवा उघड्या ओसरीत शेकावे आणि झोपण्याआधी निखारे बाहेरच पाणी घालून विझवावेत. घरात कोणाला अशी लक्षणे दिसली तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे, मग १०८ ला फोन करावा. फोन लावण्यासाठी त्या खोलीत थांबू नये.

लहान बाळांबद्दलही येथेच लिहिते, कारण थंडीत सर्वांत जास्त जपावे लागते ते त्यांना. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यात बाळाला उबदार ठेवण्याला मोठे स्थान आहे, आणि आम्ही आशा कार्यकर्त्या घरभेटींत तेच सांगतो. जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालू नये. डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि अंगात एकावर एक पातळ कपडे घालावेत. कमी वजनाच्या बाळाला आईने आपल्या उघड्या छातीशी घेऊन वरून दोघांना एकत्र पांघरूण द्यावे. यापेक्षा भरवशाची ऊब कोणत्याही यंत्रात नाही आणि तिला एक पैसाही लागत नाही. घरातला बाप किंवा आजीसुद्धा हे करू शकते.

बाळ गार पडले आहे का हे पाहण्यासाठी हाताच्या पालथ्या बाजूने आधी त्याचे पोट आणि मग तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार असतील तर ऊब ताबडतोब वाढवावी. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्यात न्यावे. मोठ्यांची जड वाकळ बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नये, आणि गरम पाण्याची पिशवी बाळाच्या अंगाला लावू नये. त्याची कातडी लगेच भाजते.

म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा थंडी जाणवतच नाही, म्हणून ते तक्रार करत नाहीत. त्यांचे हातपाय आपणच चाचपून पाहावेत, आंघोळ पहाटेऐवजी दुपारी उन्हात द्यावी, आणि त्यांची बाज ओसरीतून काढून थंडीपुरती माजघरात घ्यावी. आणखी एक सांगते : दारू प्याल्याने अंग तापल्यासारखे वाटते, परंतु कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे शरीरातली ऊब उलट वेगाने बाहेर जाते. रात्री शेत राखायला जागलीला जाणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावे.

सालबर्डी

ताई, वायूला वासच नसतो हे मला ठाऊक नव्हते. घरी सर्वांना वाचून दाखवले. घमेले आजपासून अंगणात राहील.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

आशाताईंचा प्रतिसाद प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे.

वैनगंगेची लेक यांच्या टिनाच्या प्रश्नाकडे वळतो. ते पाणी बाहेरून येत नाही, घरातल्याच हवेतले असते. निरभ्र रात्री टिन आपली उष्णता मोकळ्या आभाळाकडे सतत टाकत असते आणि पातळ असल्यामुळे आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. घरातल्या माणसांच्या श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ वर चढून त्या गार टिनाला लागली, की तिचे दव होते आणि ते पांघरुणावर ठिबकते. ढगाळ रात्री हा त्रास कमी असल्याचे तुमच्या लक्षात आले असेल. त्याचे कारण हेच.

उपाय म्हणजे टिनाखाली दुसरे छत करणे आणि दोन्हींच्या मधे हवेचा थर अडकवणे. आमच्याकडे ज्यांनी ते केले त्यांनी बांबूच्या कामट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत टिनाखाली वीतभर अंतरावर बांधल्या आणि त्यांच्यावर धुऊन वाळवलेली तागाची पोती उकलून, एकमेकांना दाभणाने शिवून, ताणून बसवली. पोत्यांच्या खालच्या बाजूला माती, शेण आणि बारीक कुटार यांचा पातळ लेप दिला, तर पोत्यांची छिद्रे बुजतात, धूळ गळत नाही आणि ताग लवकर पेटतही नाही. लेप एका दिवसात जाड देऊ नये. पातळ थर वाळू देऊन दुसरा द्यावा, नाहीतर ओझ्याने झोळ पडतो. बुरडाकडचे बांबूचे तट्टे मिळाले तर काम अधिक टिकाऊ होते. थर्माकोलची पाने स्वस्त आणि हलकी असतात, परंतु ती झपाट्याने पेटतात आणि जळताना विषारी धूर सोडतात, म्हणून चूल असलेल्या घरात मी ती सुचवणार नाही.

हेच छत एप्रिल-मे महिन्यांत टिनाची आगही अडवते. ज्यांना हिवाळ्यासाठी एवढा खटाटोप जड वाटतो, त्यांनी उन्हाळ्यासाठी म्हणून तो करावा.

भिंतीबद्दल थोडे. सेवाग्रामची बापूकुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना बांबू, माती आणि कवेलू यांनी उभी केलेली खोली आणि तिची ओसरी आठवत असेल. घराभोवती ओसरी असली की वारा थेट खोलीच्या भिंतीवर आदळत नाही. नव्या घराला सगळीकडून ओसरी शक्य नसली, तरी उत्तरेच्या भिंतीला लागून तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कूड घालून त्यामागे लाकडे किंवा शेतीची अवजारे ठेवण्याची जागा करता येते. दक्षिणेकडे मात्र असा आडोसा करू नये, नाहीतर हिवाळ्याचे ऊन अडते.

मेळघाट (धारणी)

सरपणाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे थंडी जास्त पडते आणि चूल दिवसभर पेटती राहते. लाकूड वाचवायचे असेल तर ते वाळवणे ही पहिली अट आहे. ओल्या लाकडातले पाणी वाफ होऊन जाण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, धूर वाढतो आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांना व छातीला त्याचा त्रास होतो. हिवाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच फोडून, पावसात भिजणार नाही अशा जागी, जमिनीपासून थोडे उंच रचून ठेवावे.

मातीची चूल घराच्या बाहेरच्या भिंतीला न लावता माजघराच्या भिंतीला लागून घातली, तर स्वयंपाक आटोपल्यावरही ती भिंत बराच वेळ उबदार राहते आणि पलीकडे झोपणाऱ्याला तिचा उपयोग होतो. धूर जायला धुराडे मात्र हवेच. चुलीच्या वैलावर पाण्याचे भांडे कायम ठेवावे. तारतंत्री भाऊंनी सांगितलेल्या पिशवीत भरायचे पाणी तिथेच तापते आणि त्यासाठी वेगळे लाकूड लागत नाही.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

सरपणावरून आठवले. कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, हेच मुख्य इंधन आहे आणि तिचे ढीग घराजवळ रचले जातात. त्या पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या, न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. पऱ्हाटी घरी आणायचीच असेल तर ती बोंडे तोडून जाळून टाकावीत, तिची आधी चूल पेटवावी आणि तुराटी मागे ठेवावी, म्हणजे मृगाच्या आत पऱ्हाटीचा ढीग संपलेला असेल.

खामगावकर

आंघोळीच्या पाण्याबद्दल एक छोटी सूचना. बाहेरून काळा रंग दिलेला पत्र्याचा पिंप झाकण लावून दक्षिणेच्या उन्हात, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला, की दुपारपर्यंत पाणी कोमट होते. ते आणखी तापवावे लागले तरी गॅस किंवा लाकूड अर्धेच लागते.

वैनगंगेची लेक (तुमसर)

पूर्णाकाठ दादा, पोत्यांच्या छताची माहिती शेजारी वाचून दाखवली आणि त्यांनी बांबू आणण्याचे ठरवले आहे. दोन शंका राहिल्या आहेत. छत आणि टिन यांच्या मधल्या जागेत उंदीर शिरले तर काय करावे, आणि त्या घरात दिव्याची वायर टिनालगत गेली आहे, तिचे काय करावे?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

उंदरांसाठी छताच्या चारही कडा भिंतीशी मातीच्या लेपाने पूर्ण बंद कराव्यात आणि मधल्या जागेत धान्य किंवा कुटार मुळीच ठेवू नये. खायला काही नसले की ते तिथे टिकत नाहीत. एका कोपऱ्यात हात जाईल एवढे झाकण ठेवावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आत डोकावता येते. वायरीचे तारतंत्री भाऊंनी सांगावे.

तारतंत्री (कारंजा)

छत बांधण्याआधीच वायर खाली घ्या. पोत्यांच्या वर, डोळ्यांआड गेलेली वायर उंदराने कुरतडली तर कळणारही नाही. मेन स्विच बंद करून जुनी वायर काढावी, नवी वायर पीव्हीसी पाइपातून भिंतीवरून छताच्या खाली वीतभर अंतराने न्यावी, आणि दिवा छताला न टांगता भिंतीवरच लावावा. जोड कुठेही उघडा ठेवू नये. मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, नसेल तर याच वेळी बसवून घ्यावा, कारण घराला वरून टिन आहे आणि टिनात वीज उतरली तर सगळ्या घराला धोका असतो.